अरब लष्करं, विकतची विमानं आणि पाना कोणाच्या हातात

9 सप्टेंबर 2025 ला दुपारी इस्रायलने कतारची राजधानी दोहावर हल्ला केला. हमासचे वाटाघाटी करणारे नेते जिथे जमले होते तीच जागा टार्गेट होती. मुख्य नेते वाचले पण बाकीची माणसं गेली, त्यात कतारचा स्वतःचा एक सुरक्षा कर्मचारीही होता. आता या कतारने गेल्या दहा वर्षांत काय काय घेतलंय बघा. फ्रान्सकडून 36 राफेल, अमेरिकेकडून 36 एफ-15, ब्रिटनकडून 24 टायफून, वर हवाई हल्ले अडवणारी पॅट्रियट क्षेपणास्त्रं, आणि अमेरिकेचा त्या भागातला सगळ्यात मोठा हवाई तळ अल उदैद दोहाच्या बाहेरच. 2015 च्या आधी या देशाकडे लढाऊ विमानं म्हणजे जेमतेम 12 मिराज होती. एवढी सगळी खरेदी करूनसुद्धा त्या दिवशी कोणी काही अडवलं नाही, नंतर कतारच्या पंतप्रधानांनीच सांगितलं की आमच्या रडारला ते दिसलंच नाही.

त्यानंतर आपल्याकडच्या ग्रुप्समधे जे सुरू झालं ते मी वाचत होतो आणि मला मनापासून वाईट वाटलं. अरबांकडे पैसा आहे पण दम नाही, शेख लोकांना फक्त मॉल बांधता येतात, यांच्या रक्तातच लढणं नाही वगैरे वगैरे. हे म्हणणं चुकीचं आहे आणि आळशीपणाचंही आहे, कारण एकदा रक्तावर ढकललं की पुढे काही शोधायची गरजच राहत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. अरब लष्करं कमजोर आहेत कारण त्यांच्या राज्यकर्त्यांना ती एका मर्यादेपुढे मजबूत व्हायला नको आहेत, आणि ही मर्यादा नेमकी कुठे आखलीये ते बघायचं असेल तर परेडमधली विमानं बघून उपयोग नाही, हँगरमधे जाऊन बघावं लागेल की विमान उघडतंय कोण.

लढाऊ विमान म्हणजे विकत घेतलं की आपलं झालं असं नसतं. प्रत्येक उड्डाणानंतर त्याची तपासणी, ठरावीक तासांनी इंजिन खाली काढून ओव्हरहॉल, रडारचे बोर्ड, हायड्रॉलिकची सीलं, टायर, इजेक्शन सीटमधली काडतुसं सुद्धा मुदत संपली की बदलावी लागतात. वरचेवर लागणारी कामं स्क्वाड्रनमधेच होतात, त्याच्या पुढची बेसच्या वर्कशॉपमधे, आणि सगळ्यात खोल कामं, म्हणजे विमान पूर्ण सुटं करून परत जोडणं, ती डेपोत नाहीतर थेट कंपनीकडे. यावर हल्ली सॉफ्टवेअर आलंय. समोरचं रडार शत्रूचं की मित्राचं हे विमानाला कळायला जी माहितीची फाईल लागते ती सतत अपडेट करावी लागते आणि ती बनवणारा बऱ्याचदा विकणाराच देश असतो. यातली पहिली पायरी तुमच्याकडे आणि बाकी सगळं परक्याकडे असेल तर विमानाच्या शेपटीवर झेंडा तुमचा असेल पण युद्ध किती दिवस चालेल हे तुम्ही ठरवत नाही.

सौदी अरेबियाचं उदाहरण याला सगळ्यात पक्कं आहे. लष्करी खर्चात जगातल्या पहिल्या दहा देशांत हे नाव कायम असतं. मार्च 2015 मधे त्यांनी येमेनमधे हुथी बंडखोरांविरुद्ध हवाई मोहीम सुरू केली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की काही आठवड्यांचा मामला आहे, कारण एका बाजूला एफ-15, टायफून, टोर्नेडो आणि दुसऱ्या बाजूला चपला घालून डोंगरात फिरणारी माणसं. (याच बॉम्बहल्ल्यांच्या मधे सौदीकडून वेळ मागून घेऊन भारताने ऑपरेशन राहत केलं आणि साडेचार हजारांहून जास्त भारतीयांना येमेनमधून बाहेर काढलं.) पण युद्ध वर्षानुवर्षं चाललं, आणि ते चालू ठेवायला काय लागत होतं तर सौदी तळांवर बसलेली ब्रिटिश आणि अमेरिकन कंपन्यांची माणसं. एकट्या बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश कंपनीचे सौदीत सहा हजारांच्या वर लोक आहेत, आता त्यातले बरेच सौदी नागरिक आहेत हे मान्य, पण टायफून आणि टोर्नेडो उडत्या स्थितीत ठेवायचं काम त्यांच्याच कंत्राटात होतं. तिथे काम केलेल्या एका माणसाने 2019 मधे ब्रिटनच्या चॅनल 4 ला सांगितलं होतं की आम्ही नसलो तर सात ते चौदा दिवसांत आकाशात एक विमान दिसणार नाही. वॉशिंग्टनमधले ब्रूस रीडेल, ज्यांची सगळी नोकरी सीआयएमधे गेली, ते 2016 पासूनच म्हणत होते की अमेरिका आणि ब्रिटनने आज रात्री राजाला सांगितलं तर हे युद्ध उद्या थांबेल.

मग थांबवलं का नाही? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. येमेनमधे लग्नांवर, बाजारांवर, ऑगस्ट 2018 मधे तर मुलांच्या शाळेच्या बसवर बॉम्ब पडले. बॉम्ब टाकणारा वैमानिक सौदी आघाडीचा, बॉम्ब अमेरिकेचा, विमान दुरुस्त करणारा ब्रिटिश कंत्राटावरचा, हवेत इंधन भरणारं टँकर 2018 च्या नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेचं. म्हणजे परावलंबन फक्त विकत घेणाऱ्याला कमजोर करतं असं नाही, ते जबाबदारीचे इतके तुकडे करून टाकतं की मेलेल्या पोराच्या बापाने जाब नक्की कोणाला विचारायचा हेच कळू नये.

आणि पुरवठ्याचा हा नळ विकणारा देश हवा तेव्हा पिळू शकतो. सौदी राजवटीवर टीका करणाऱ्या जमाल खशोगी या पत्रकाराचा सौदीच्या माणसांनी खून केला ऑक्टोबर 2018 मधे, त्यानंतर जर्मनीने सौदीला शस्त्रं देणं थांबवलं. आता टायफून जर्मनीने विकलेलं नव्हतं, ब्रिटनने विकलं होतं, पण ते ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन मिळून बनवतात, त्यामुळे जर्मन पार्ट अडले की सगळंच अडलं. ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेरेमी हंट यांना जर्मन मंत्र्याला पत्र लिहून विनवावं लागलं. सौदीला आणखी 48 टायफून हवी होती, तो विषय जर्मनीने जानेवारी 2024 मधे विरोध सोडेपर्यंत लटकला. एक विमान, चार देशांच्या संसदा, चार देशांतल्या निवडणुका, आणि रियाधला त्यातल्या एकाही ठिकाणी मत नाही.

इजिप्तचं तर आणखी वाईट. इस्रायलबरोबरच्या कॅम्प डेव्हिड समझोत्यानंतर अमेरिकेकडून त्यांनी दोनशेच्या वर एफ-16 घेतली, जगातला हा मोठ्या ताफ्यांपैकी एक, पण त्याच्याबरोबर शत्रूचं विमान दुरूनच पाडणारं अॅमराम क्षेपणास्त्र अमेरिकेने दिलंच नाही, कारण उघड आहे, शेजारी इस्रायल. 2013 मधे सैन्याने राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवल्यावर एफ-16 ची डिलिव्हरी आणि एब्रम्स रणगाड्यांचे किट अमेरिकेने अडवले ते 2015 पर्यंत. इजिप्तने मग फ्रान्सकडे तोंड वळवलं आणि राफेल घेतली. सुटले का? नाही. राफेलवरच्या स्काल्प क्षेपणास्त्रात एक अमेरिकन पार्ट होता, तेवढ्यावरून अमेरिकेने 2018 मधे ती विक्री अडवून धरली. रशियाकडून सुखोई-35 घ्यायला गेले तर अमेरिकेच्या निर्बंधांची भीती, तेही बारगळलं. कैरोजवळच्या अबू झाबल इथे एब्रम्सचा कारखाना 1990 च्या दशकापासून आहे, हजाराहून जास्त रणगाडे तिथे जोडले गेले, तरी महत्त्वाचे भाग अमेरिकेतूनच किट म्हणून येतात. तीस वर्षं जोडणी करून रणगाडा बनवता येत नसेल तर तो कारखाना शिकवण्यासाठी काढलेलाच नव्हता असं मला वाटतं.

इराकमधे तर हे डोळ्यांदेखत घडलं. अमेरिकेने दिलेली एफ-16 बलद तळावर होती, त्यांचा सगळा मेंटेनन्स लॉकहीड मार्टिनच्या लोकांकडे. तळावर मिलिशियांचे रॉकेट पडायला लागले तसं मे 2021 मधे कंपनीने माणसं काढून घेतली आणि ताफ्याची हालत बिघडली. अमेरिका आणि इराक या दोन सरकारांमधे त्या वेळी भांडणही नव्हतं. माणसं निघून गेली एवढंच. लिबियाची गोष्ट जुनी आहे पण विसरण्यासारखी नाही, 1970 च्या दशकात गद्दाफीने पैसे मोजलेली आठ सी-130 मालवाहू विमानं तयार होऊन अमेरिकेत जॉर्जियामधे उभीच राहिली, सरकारने पाठवूच दिली नाहीत, ती दशकानुदशकं तिथे उन्हापावसात पडून होती.

इथे कोणीतरी म्हणणारच की आयात तर सगळेच करतात, इस्रायलची सगळी मुख्य लढाऊ विमानं अमेरिकन आहेत, 1973 च्या युद्धात अमेरिकेने विमानं भरभरून सामान पाठवलं नसतं तर इस्रायलचं कठीण होतं. हे खरं आहे आणि ते झाकून ठेवायचं कारण नाही. पण इस्रायलने आपल्या विमानांचं ओव्हरहॉल स्वतः करायची सोय पहिल्यापासून उभी केली, एफ-35 मधे सुद्धा आपली इलेक्ट्रॉनिक्स बसवायची परवानगी भांडून मिळवली, आणि वॉशिंग्टनमधे त्यांचं जे राजकीय वजन आहे ते कुठल्याही अरब देशाकडे नाही. आपल्याकडेही 1962 मधे मिग-21 चा सौदा करताना भारताने विमानाबरोबर इथे बनवायचं लायसन्स मागितलं, त्यातून नाशिकजवळ ओझरचा एचएएलचा कारखाना उभा राहिला आणि नाशिककरांच्या दोन-तीन पिढ्या मिग आणि नंतर सुखोई जोडत, उघडत, परत जोडत शिकल्या. आपणही पूर्ण सुटलेलो नाही, 1998 च्या अणुचाचण्यांनंतर नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं पार्टअभावी अडली होती आणि तेजसचं वेळापत्रक आजही अमेरिकन जीई इंजिनाच्या डिलिव्हरीवर लटकतं. पण सुखोईचं ओव्हरहॉल ओझरला होतं, त्यासाठी रशियन माणसाची परवानगी रोज सकाळी लागत नाही, आणि युद्धात हा फरक फार मोठा असतो.

मग अरबांना हे जमलं नसतं का? जमलं असतं, आणि जमायला लागलंही होतं, म्हणून मला रक्तबिक्त या बोलण्याचा राग येतो. 1960 च्या दशकात नासेरच्या इजिप्तने कैरोजवळ हेलवानला स्वतःचं लढाऊ विमान काढायला घेतलं, एचए-300. डिझाईन जर्मन मेसरश्मिटचं, इंजिनावर ऑस्ट्रियन इंजिनियर ब्रांडनर. आणि यात भारत भागीदार होता हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आपल्या एचएएलच्या मारुत या लढाऊ विमानाला तगडं इंजिन मिळत नव्हतं, इजिप्तच्या ई-300 इंजिनातून ते मिळेल अशी आशा होती, म्हणून आपण पैसा आणि माणसं दिली. 7 मार्च 1964 ला हेलवानला त्या विमानाचं पहिलं उड्डाण केलं ते भारतीय वायुदलाचे टेस्ट पायलट कपिल भार्गव यांनी. इंजिनाच्या चाचणीसाठी एक मारुत इजिप्तला नेलं होतं. अरब विमान, भारतीय वैमानिक, आणि दोघांचाही हेतू एकच, की मॉस्को आणि लंडनच्या दारात उभं राहायला नको. 1967 मधे इस्रायलकडून झालेल्या पराभवाने इजिप्तची तिजोरी आणि हिंमत दोन्ही गेली, तयार रशियन मिग मिळतच होती, 1969 मधे प्रोजेक्ट बंद झाला. त्याच्यामुळे आपला मारुतही शेवटपर्यंत कमी ताकदीच्या इंजिनावर उडत राहिला. हे विमान जागतिक दर्जाचं झालं असतं असा माझा दावा नाही, पण ते इंजिनियर, ते फिटर, ती सवय, हे सगळं उधळून गेलं त्याची किंमत नंतर कुठल्याच खरेदीने भरून निघाली नाही.

त्यानंतर 1973 चं इस्रायलबरोबरचं युद्ध. सुएझ कालव्याच्या पलीकडे इस्रायलने वाळूचा प्रचंड बांध घातला होता, तो फोडायला सोव्हिएत सल्लागारांकडे नेहमीचीच उत्तरं होती, स्फोटकं. इजिप्तच्याच ‘बाकी झकी यूसुफ’ या इंजिनियर अधिकाऱ्याने आस्वान धरणाच्या कामावर वाळू पाण्याच्या झोताने हटवताना बघितली होती, त्याने तेच सुचवलं. पंप बाहेरून आणले पण कल्पना स्वतःची, सराव स्वतःचा, वर्षानुवर्षांचा. 6 ऑक्टोबरला काही तासांत बांधाला वाटा पडल्या आणि रणगाडे पलीकडे गेले. त्याच्या सव्वा वर्ष आधी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी सोव्हिएत सल्लागारांना हजारोंच्या संख्येने घरी पाठवलं होतं हेही लक्षात घ्या. आणि 1967 नंतर इजिप्तने सैन्यात शिकलेली पोरं मोठ्या प्रमाणावर घेतली होती, त्यातलेच काही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं चालवत होते. 14 ऑक्टोबरला राजकीय दबावाखाली सैन्याला विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर ढकललं आणि एका दिवसात शेकडो रणगाडे गेले, तो निर्णय सैनिकांचा नव्हता. जी माणसं सुएझ ओलांडून गेली ती कुठून परकी आली होती? तेच शेतकरी, तेच कारकुनांचे मुलगे.

या यशाच्या जोरावर 1975 मधे इजिप्त, सौदी, कतार आणि अमिरात यांनी मिळून अरब औद्योगिकीकरण संघटना काढली, भांडवल शंभर कोटी डॉलरच्या वर. कल्पना सुंदर होती, आखाताचा पैसा आणि इजिप्तचे हात. हेलिकॉप्टर, जेट, क्षेपणास्त्रं बनवायचे करार झाले. मग 1979 मधे इजिप्तने इस्रायलशी तह केला आणि आखाती देश बाहेर पडले. माझ्या मते अरब लष्करी इतिहासातली ही सगळ्यात महागडी हार आहे, 1967 पेक्षाही, कारण 1967 ची हार सहा वर्षांत थोडीतरी पुसली गेली, ही आजपर्यंत पुसली गेली नाही. तहाबद्दल राग असणं समजू शकतो, पॅलेस्टिनींना वाऱ्यावर सोडलं ही भावना खरी होती, पण कारखाना मोडून पॅलेस्टिनींच्या हाती काय आलं?

तरी फक्त एका तहामुळे हे झालं असंही नाही, मुळाशी भीती आहे. 1952 मधे इजिप्तचा राजा सैन्याने घालवला, 1958 मधे इराकचा राजा सैन्याने मारला, 1969 मधे लिबियाचा राजा सैन्याने हटवला. 1962 मधे सौदी वायुदलाचे काही वैमानिक विमानं घेऊन थेट नासेरकडे इजिप्तला निघून गेले. राजवाड्यात बसून हे बघणाऱ्या माणसाला हुशार, एकजूट, स्वतः सगळं करू शकणारं लष्कर हवंसं वाटेल का? म्हणून सौदीत नियमित सैन्य वेगळं आणि राजघराण्याच्या भरवशाचं नॅशनल गार्ड वेगळं, त्या गार्डला 1975 पासून शिकवतेय अमेरिकन कंपनी विनेल. 1960 च्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश लाइटनिंग विमानं घेतली तेव्हापासूनच मेंटेनन्स आणि प्रशिक्षण ब्रिटिश कंत्राटदाराकडे गेलं. परका टेक्निशियन बंड करत नाही, त्याला पगार मिळाला की बास. इराकचा सद्दाम, लिबियाचा गद्दाफी, सीरियाचे असद हे राजे नव्हते पण त्यांचं गणित तेच, अधिकारी निवडताना निष्ठा आधी आणि लायकी नंतर, दोन युनिटनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, खालच्याने स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायचा नाही. अशा सैन्याला तुम्ही जगातलं सगळ्यात भारी यंत्र द्या, ते बिघडल्याचं वर कळवायलाही शिपाई घाबरणार. 1987 मधे चाडच्या सैनिकांनी टोयोटा पिकअप आणि मिलान क्षेपणास्त्रं घेऊन गद्दाफीच्या रणगाड्यांची दाणादाण उडवली ती याच कारणाने.

आणि खरेदीचा दुसरा हेतू आहे संरक्षणाचा हप्ता. कतारने तीन देशांकडून तीन वेगळी विमानं का घेतली असतील? तीन प्रकारचे पार्ट, तीन प्रकारची ट्रेनिंग, तीन वर्कशॉप, आणि मूळ नागरिक साडेतीन लाखांच्या आसपास. लष्करी हिशोबाने याला अर्थ लागत नाही. पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन तिघांनाही आपल्या जिवात रस राहावा म्हणून मोजलेला तो पैसा आहे. 14 सप्टेंबर 2019 ला सौदीतल्या अबकैक आणि खुरैस इथल्या तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली, सौदीचं निम्मं तेल उत्पादन एका पहाटेत बंद पडलं, पॅट्रियट कामाला आले नाहीत आणि अमेरिकेनेही युद्ध पुकारलं नाही. दोहाला तर हल्ला करणारा देशच अमेरिकेचा दोस्त. एवढे हप्ते भरले, आणि ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी कोणी आलं नाही.

इराणकडे बघा असं बरेच जण म्हणतात. 1979 नंतर अमेरिकन टेक्निशियन निघून गेले, हातात 79 एफ-14 होती, एकाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावत, काही पार्ट स्वतः बनवत त्यांनी ती विमानं चाळीस वर्षं ओढली आणि त्याच सक्तीतून ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उभी केली. त्यातलं कौशल्य मी मानतो, पण जून 2025 मधे इस्रायलच्या हल्ल्यांपुढे त्यांचंही आकाश उघडं पडलं, त्यामुळे जगाशी संबंध तोडा म्हणजे ताकद येईल असा धडा मला त्यातून काढायचा नाही.

सौदीचा व्हिजन 2030 हा सरकारी आराखडा म्हणतो की लष्करी खर्चातला निम्मा देशातच करायचा. 2016 मधे त्यांनीच कबूल केलं होतं की हा वाटा 2% आहे, सरकारी आकड्यांप्रमाणे 2024 च्या अखेरीला तो 25% च्या जवळ गेला. अमिरातीने 2019 मधे 25 कंपन्या एकत्र करून एज ग्रुप काढला, ते ड्रोन आणि बॉम्ब बनवतात, विकतात. हे चांगलं आहे, मला त्यातून खरंच आशा वाटते, तिथली शिकलेली पोरं आणि पोरी आता अशा कामात येतायत. पण त्याच वेळी नोव्हेंबर 2025 मधे ट्रम्पनी सौदीला एफ-35 द्यायचं जाहीर केलं आणि रियाधमधे आनंद झाला. एफ-35 चे पार्ट एका जागतिक साठ्यात असतात, त्याची मालकी अमेरिकेची, विमानाची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर अमेरिकेचं. टायफूनपेक्षाही आवळ दोरी आहे ही.

हे सगळं विचारायचं कोणी? सौदी, कतार, अमिरात इथे संरक्षण मंत्र्याला उभं करून हिशोब मागेल अशी संसद नाही. कुवेतमधे होती. तिथल्या खासदारांनी फ्रेंच हेलिकॉप्टरच्या सौद्यावर प्रश्न विचारले, टायफूनच्या सौद्यात पैसे कुठे गेले म्हणून चौकशी लागली, लष्करी अधिकाऱ्यांवर खटले झाले. आखातात शस्त्रखरेदीवर उघडपणे बोलणारी ती एकच जागा होती, आणि मे 2024 मधे अमीरांनी ती संसद चार वर्षांपर्यंत बरखास्त करून टाकली.